नासल्यावरच गोड लागणारं फळ : ब्रिटनने विसरलेली फळं पुन्हा चुलीवर का चढतायत?

नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या घराच्या थंड कोठीत डोकावलं, तर लाकडी ट्रेमध्ये पेंढा पसरून त्यावर तपकिरी रंगाची, लिंबाएवढी फळं उपडी मांडलेली दिसू शकतात. साल सुरकुतलेली, आतला गर काळपट. माहीत नसलेला माणूस ती उचलून थेट कचऱ्यात टाकेल. माहीत असलेला एकेक फळ अंगठ्याने हलकेच दाबून बघतो आणि लोण्यासारखं दबेल तेच खायला घेतो.

या फळाचं नाव मेडलर. झाडावरून उतरवलं तेव्हा ते दगडासारखं टणक असतं आणि इतकं तुरट, की जीभ आखडून जाते. दोन-तीन आठवडे तसंच ठेवलं की तुरटपणा देणारी टॅनिन ही द्रव्यं कमी होतात, गोडी वाढते आणि गर खजुराच्या लगद्यासारखा मऊ होतो. चव थोडीशी भाजलेल्या सफरचंदाच्या वळणाची. दिसायला फळ नासलेलं, पण खायला नुकतं कुठे तयार झालेलं. या प्रक्रियेला इंग्रजीत 'ब्लेटिंग' म्हणतात. १९व्या शतकात जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने फ्रेंचवरून हा शब्द रूढ केला. आपल्याकडे आंब्याची अढी लावतात, त्याचाच हा थंड देशातला प्रकार म्हणता येईल. फरक एवढाच, की आंबा अढीत पिकतो आणि मेडलर पिकण्याच्याही एक पाऊल पुढे जातं.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मेडलरला मान होता, कारण हिवाळ्यात गोड खायला मिळणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती. शेक्सपिअरच्या नाटकांतही ते येतं, बहुतेक वेळा चावट विनोदासाठी. फळाच्या तळाचा आकारच तसा आहे, आणि त्यावरून पडलेलं जुनं गावठी इंग्रजी नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही. आज मात्र सुपरमार्केटमध्ये फळांच्या कप्प्यासमोर उभ्या असलेल्या ब्रिटिश माणसाच्या हातात मेडलर ठेवलं, तर हे काय आहे, असंच तो विचारण्याची शक्यता जास्त.

मेडलर एकटं नाही. डॅम्सन, क्विन्स, गूजबेरी, काळी तुती, वॉर्डन पेअर अशी बरीच मोठी यादी आहे. गेल्या काही वर्षांत यातली बरीच फळं शेतकरी बाजारांत, नावाजलेल्या हॉटेलांच्या मेनूवर आणि हौशी लोकांच्या परसात परत दिसायला लागली आहेत. ती गेली का होती, हे समजून घेतल्याशिवाय ती परत येण्याचा अर्थ लागत नाही.

फळं हरवली की स्वयंपाक हरवला?

ब्रिटनचा उन्हाळा छोटा आणि मवाळ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन जे काम करतं, ते तिथलं ऊन पूर्ण करू शकत नाही. त्यामुळे तिथल्या कित्येक पारंपरिक फळांत आम्ल आणि तुरटपणा भरपूर, साखर बेताची. झाडावरून तोडून थेट तोंडात टाकावीत अशी ही फळं नाहीतच. उरलेलं काम स्वयंपाकघरात व्हायचं. कुठे मंद आच, कुठे साखर, कुठे दारूत मुरवणं, तर कुठे मेडलरसारखं नुसतं वाट बघणं.

मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. आवळा, कैरी, कोकम, करवंद, अंबाडा ही फळं आपण ज्या रूपात वर्षभर खातो, ते रूप बरणीत किंवा कढईत घडतं. उद्या मोरावळा कसा करायचा हेच कुणाला आठवेनासं झालं, तर आवळ्याला गिऱ्हाईक किती उरेल? ब्रिटनमध्ये साधारण हेच घडलं.

दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० मध्ये साखरेचं रेशनिंग सुरू झालं आणि ते सप्टेंबर १९५३ पर्यंत चाललं. तेरा-चौदा वर्षं साखर मोजून मिळत असेल, तर किलोभर आंबट फळाला किलोभर साखर कोण घालणार? एका पिढीची सवय तिथेच तुटली. नंतर डबाबंद फळं आली, फ्रीज आले. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि फ्रान्सची गोल्डन डेलिशस सफरचंदं बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. एकसारखा आकार, एकसारखा रंग, कापायची गरज नाही, शिजवायची तर नाहीच. सुपरमार्केटला हवं होतं तेच. जुन्या बागा उपटून टाकायला तर अनुदानही मिळत होतं.

नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये जुने आणि नवे नकाशे ताडून पाहिले. इंग्लंड आणि वेल्समधल्या पारंपरिक फळबागांपैकी ८१ टक्के बागा १९०० पासून नाहीशा झाल्याचं त्यातून दिसलं.

बाग गेली की नुसती झाडं जात नाहीत. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं झाड येत नाही, हापूसच्या कोयीतून हापूसची खात्री नसते तसंच. वाण टिकवायचा तर कलम बांधावं लागतं. एखाद्या गावात एकाच झाडावर उरलेला वाण कुणी कलम न करता तोडला, तर तो कायमचा गेला. शिवाय जुन्या फळझाडांच्या पोकळ, कुजत आलेल्या खोडांत जगणारे जीव असतात. 'नोबल चेफर' नावाचा हिरव्या चकाकीचा दुर्मिळ भुंगेरा प्रामुख्याने अशाच खोडांवर अवलंबून आहे. म्हणूनच २००७ मध्ये पारंपरिक फळबागांना ब्रिटनच्या जैवविविधता आराखड्यात संरक्षणाच्या प्राधान्ययादीत घेतलं गेलं.

वाण जपण्याचं काम सरकारी पातळीवरही चालतं. केंट परगण्यात फॅवरशॅमजवळ ब्रॉगडेल इथे राष्ट्रीय फळसंग्रह आहे. तिथे एकट्या सफरचंदाचेच दोन हजारांहून जास्त वाण लावलेले आहेत. पण संग्रहालयात झाड जिवंत असणं आणि लोकांच्या ताटात फळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट फक्त स्वयंपाकानेच घडते. आणि तो स्वयंपाक ऋतूंच्या तालावर चालतो.

जानेवारी : मेणबत्तीच्या उजेडातली काढणी

वर्षाची सुरुवात रुबार्बने होते. हे फळ नाहीच, हा पानाचा लांब, गुलाबी देठ आहे. पण ब्रिटिश स्वयंपाकात त्याला फळाचंच स्थान आहे. यॉर्कशरमधल्या वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या गावांच्या मधल्या सुमारे नऊ चौरस मैलांच्या पट्ट्याला 'रुबार्ब ट्रँगल' म्हणतात. इथली पद्धत विलक्षण आहे. रोपाचे गड्डे दोन वर्षं उघड्या शेतात वाढवतात, त्या काळात एकही देठ काढत नाहीत. सगळी ताकद मुळांत साठू देतात. मग हिवाळ्याच्या तोंडावर थंडी खाल्लेले गड्डे उपटून उबदार, पूर्ण अंधाऱ्या शेडमध्ये आणतात. उजेड नसल्याने पान वाढत नाही. साठवलेली साखर सगळी देठात येते आणि तो लुसलुशीत, गडद गुलाबी होतो. उजेडाने रंग आणि चव बिघडू नये म्हणून काढणी मेणबत्तीच्या प्रकाशात होते. अगदी शांत असेल तर कोंब फुटताना होणारा बारीक 'टप्प' आवाजही ऐकू येतो.

२०१० मध्ये या यॉर्कशर रुबार्बला युरोपीय संघाचं संरक्षित नाव मिळालं. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखीच ही व्यवस्था.

मराठी घरांशी रुबार्बचं जुनं नातं आहे, फक्त वेगळ्या दारातून आलेलं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी म्हणजे याच कुळातल्या झाडाचं मूळ. ब्रिटनमध्येही ते शतकानुशतकं पोट साफ करण्याचं औषध म्हणूनच विकत घेतलं जायचं. देठ शिजवून खायची टूम साखर स्वस्त झाल्यावरची.

करायला सोपं. देठाचे बोटभर तुकडे, थोडी साखर, संत्र्याचा रस किंवा आल्याचा तुकडा, आणि ओव्हनमध्ये झाकून पंधरा-वीस मिनिटं. ढवळायचं नाही, नाहीतर धागे सुटून लगदा होतो. पानं मात्र कधीही खायची नाहीत, त्यात ऑक्सॅलिक आम्ल घातक प्रमाणात असतं. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईमुळे ही पानं भाजी म्हणून खाण्याचा सल्ला दिला गेला होता आणि त्यातून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

जून : बांगड्याची जोडीदार

गूजबेरी म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आवळा येतो, कारण इंग्रजीत आवळ्याला 'इंडियन गूजबेरी' म्हणतात. दोघांचा काहीही संबंध नाही. ब्रिटिश गूजबेरी काटेरी झुडपावर येते, साल पातळ आणि पारदर्शक, आतल्या शिरा बाहेरून दिसतात. जूनमध्ये ती हिरवी, कडक आणि दात आंबवणारी असते, आणि स्वयंपाकाला तीच हवी.

या फळाने इंग्रजांना एके काळी वेड लावलं होतं. उत्तर इंग्लंडमधल्या विणकर, मजूर लोकांनी गूजबेरी क्लब काढले होते. कुणाची गूजबेरी सर्वांत जड, यावर स्पर्धा व्हायच्या. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात याची दखल घेतली आहे: जंगली फळाच्या कितीतरी पट वजनाचं फळ सामान्य माणसांनी केवळ निवड करत करत कसं घडवलं, याचं त्याला हे उत्तम उदाहरण वाटलं. यॉर्कशरमधल्या एग्टन ब्रिज या गावात १८०० पासून चालत आलेली स्पर्धा आजही ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी भरते. तिथे २०१९ मध्ये ठेवलेल्या एका गूजबेरीचं वजन ६४.८३ ग्रॅम भरलं आणि तो जागतिक विक्रम ठरला. म्हणजे कोंबडीच्या मोठ्या अंड्याएवढं वजन!

हा खटाटोप पाहिला की प्रश्न पडतो, लोक ती खायचे कशी? एक उत्तर कोकणातल्या माणसाला लगेच पटेल. तेलकट माशाला आंबटाची जोड हवी. आपण बांगड्याला कोकम लावतो, इंग्रज त्यांच्या बांगड्यासारख्या मॅकरल माशाबरोबर गूजबेरीचा आंबट सॉस खातात. फ्रेंच लोकांनी तर फळाचं नावच 'मॅकरलची गूजबेरी' असं ठेवलंय. मूठभर गूजबेरी थोड्या पाण्यात फुटेपर्यंत शिजवायच्या, लोण्याचा गोळा, चिमूटभर साखर, संपलं.

दुसरी पाककृती म्हणजे 'फूल'. अर्धा किलो गूजबेरीला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर घालून शिजवायचं, पूर्ण गार करायचं आणि घट्ट फेटलेल्या क्रीममध्ये हलक्या हाताने अर्धवट मिसळायचं. आम्रखंडाचा हा आळशी, पण देखणा भाऊ. शिजवताना एल्डर झाडाच्या फुलांचा एक तुरा त्यात टाकला तर द्राक्षासारखा सुगंध येतो. ही फुलं आणि हिरव्या गूजबेरी एकाच सुमारास, जूनमध्ये येतात. ही जोडी आधी हंगामाने जुळवली आणि मग स्वयंपाकाने उचलली.

ऑगस्ट : हात रंगवणारी फळं

काळी तुती दुकानात मिळत नाही, कारण ती पिकली की स्पर्शानेच फुटते. ज्याच्या अंगणात झाड, त्यालाच ती मिळते. महाबळेश्वरला तुती खाल्लेल्यांना तिचा रंग हातावरून जायला किती वेळ लागतो ते माहीत असेल. १६०९ मध्ये राजा पहिला जेम्स याने देशात रेशीम उद्योग उभारायचा म्हणून हजारो तुती लावायला सांगितल्या. पण लागवड झाली ती मुख्यतः काळ्या तुतीची, आणि रेशमाच्या किड्याला आवडते पांढरी. रेशीम काही आलं नाही, फळं मात्र उरली. राजाची स्वतःची तुतीची बाग होती त्याच परिसरात पुढे बकिंगहॅम पॅलेस उभा राहिला, आणि आज तुतींचा राष्ट्रीय संग्रह त्याच राजवाड्याच्या बागेत आहे.

याच दिवसांत माळरानांवर बिलबेरी मिळते. ब्ल्यूबेरीची ही जंगली, छोटी आणि कितीतरी जास्त चवदार बहीण. ब्ल्यूबेरी आतून फिकी, बिलबेरी आतपर्यंत जांभळी. यॉर्कशरमध्ये तिचा 'पाय' करतात, म्हणजे मैद्याच्या पारीत फळाचं सारण भरून भाजायचं. खाल्ल्यावर ओठ-दात जांभळे होतात म्हणून त्याला 'मळक्या तोंडाचा पाय' असं नाव पडलं. गंमत म्हणजे अंत्यविधीनंतरच्या चहापानाला तो वाढायची तिथे प्रथा होती.

सप्टेंबर : डॅम्सनची वडी

या सगळ्या फळांत पहिलं कुठलं करून बघावं, असं विचारलं तर उत्तर डॅम्सन. हे आलुबुखाऱ्याच्या जातीतलं छोटं, जांभळं-काळं फळ. नावाचं मूळ दमास्कस शहरात आहे. कच्चं खाल्लं तर तोंड वाकडं होतं. शिजवलं की त्याच तुरटपणातून अशी खोल, गडद चव तयार होते, जी गोड प्लममधून कितीही आटवलं तरी येत नाही. आंबट फळ 'दुय्यम' असतं हा समज डॅम्सन एका चमच्यात मोडून काढतं.

इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात, केंडल गावाच्या दक्षिणेला लिथ व्हॅली आहे. जुन्या वेस्टमॉरलंड परगण्यातलं हे खोरं डॅम्सनसाठी ओळखलं जातं. एप्रिलमध्ये शेतांच्या कडेच्या कुंपणांतून पांढरा बहर उसळतो, कारण इथे डॅम्सन बागेत कमी आणि बांधावर जास्त लावलेलं असतं. साखरेच्या रेशनिंगचा फटका अशा फळाला सर्वांत आधी बसणार हे उघड होतं. कित्येक वर्षं फळं झाडाखाली पडून जायची. १९९६ मध्ये तिथल्या लोकांनी वेस्टमॉरलंड डॅम्सन असोसिएशन स्थापन केली, जुन्या झाडांची निगा आणि नवी लागवड सुरू केली. बहराच्या दिवसांत डॅम्सनचा उत्सव भरवायलाही सुरुवात झाली.

डॅम्सनचा सर्वांत जुना टिकाऊ प्रकार म्हणजे 'डॅम्सन चीज'. नावात चीज असलं तरी दुधाचा थेंबही नाही. ही चक्क वडी आहे. फळं थोड्या पाण्यात मऊ शिजवायची. बिया गराला चिकटलेल्या असतात, त्यामुळे आधी काढायच्या भानगडीत पडू नये; शिजल्यावर चाळणीतून गर दाबून काढावा. गराच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर घालून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर आटवायचं. पळी भांड्याच्या तळावरून ओढल्यावर रेघ क्षणभर तशीच राहिली की झालं. आंब्याची वडी करणाऱ्या कुणालाही ही खूण वेगळी शिकवावी लागणार नाही. तेल लावलेल्या साच्यात ओतून ठेवलं तर वर्षभर टिकतं, आणि जुनं होईल तसं मुरतं. त्याचे पातळ काप खऱ्या चीजबरोबर किंवा भाजलेल्या मटणाबरोबर खातात.

याच्या जंगली भावाला स्लो म्हणतात. काटेरी कुंपणात येणारी ही बोराएवढी निळी फळं इतकी तुरट असतात की तीही एकट्याने खाता येत नाहीत. ती टोचून, साखरेबरोबर जिन या दारूत मुरत घालतात. जुने लोक पहिलं दव गोठेपर्यंत थांबायचे, कारण गोठल्याने साल फाटते. आता रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तरी तेच होतं. कुंपणात आणखी एक फळ असतं, जंगली गुलाबाचं. युद्धकाळात संत्री येईनाशी झाल्यावर १९४१ पासून मुलाबाळांसकट स्वयंसेवकांनी ही गुलाबफळं टनावारी गोळा केली आणि क जीवनसत्त्वासाठी त्यांचं सरबत करून बाळांना दिलं गेलं. घरी करायचं तर बारीक कापडातून दोनदा गाळणं आवश्यक आहे. आतल्या केसांनी घशाला खाज सुटते.

कुणाच्याही कुंपणातलं असं फळ तोडलं तर चोरी होते का? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्यानुसार रानात आपोआप उगवलेल्या झाडाची फळं स्वतःच्या वापरासाठी तोडणं चोरी ठरत नाही. विकण्यासाठी तोडली तर ठरू शकते. कुणाच्या खासगी जागेत शिरण्याची मुभा मात्र हा कायदा देत नाही.

ऑक्टोबर : क्विन्स आणि गोव्याची पेराड

क्विन्स दिसायला पिवळ्या, ओबडधोबड पेरूसारखं. सालीवर करडी लव, वास असा की दोन फळं टोपलीत ठेवली तरी खोली दरवळते. आणि कापायला जा, तर सुरी अडकते. कच्चं खाता येत नाही. पण साखरेच्या पाण्यात दोन-अडीच तास अगदी मंद शिजवलं, की पांढरट गर हळूहळू केशरी, मग गुलाबी, मग माणकासारखा लाल होतो. कुठलाही रंग घालावा लागत नाही. फळातल्या टॅनिनचंच उष्णतेने लाल रंगद्रव्यात रूपांतर होतं. घाई केली तर रंग येत नाही.

या फळाचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगीज भाषेत क्विन्सला 'मार्मेलो' म्हणतात आणि त्याच्या घट्ट वडीला 'मार्मेलाडा'. इंग्रजीतला मार्मालेड हा शब्द यातूनच आला. संत्र्याचा मार्मालेड नंतरचा. पोर्तुगीज जिथे गेले तिथे ही आटवलेल्या वडीची कला घेऊन गेले. गोव्यात क्विन्स नव्हतं, पेरू होता. नाताळच्या फराळातली पेराड ही त्याच घराण्यातली. आणि काश्मिरात तर क्विन्स प्रत्यक्ष पिकतं. तिथे त्याला बम चूंठ म्हणतात आणि वांग्याबरोबर त्याची भाजी करतात.

पहिल्यांदा करणाऱ्याने सगळ्यात सोपा वापर करावा: सफरचंदाच्या पायमध्ये एकाच क्विन्सच्या चार-पाच शिजवलेल्या फोडी टाकाव्यात. नुसत्या सफरचंदाचा पाय त्यानंतर थोडा बावळट वाटतो.

हिवाळाभर : कोठीतली फळं

वॉर्डन हे टणक, कधीच मऊ न होणाऱ्या स्वयंपाकाच्या पेअरचं जुनं नाव, बेडफर्डशरमधल्या वॉर्डन मठावरून आलेलं मानतात. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये एका पात्राच्या बाजाराच्या यादीत वॉर्डन पायला रंग आणण्यासाठी केशर आहे. केशर घातलेला पेअरचा पाय ही कल्पना आपल्याला परकी वाटणार नाही. या गटातला ब्लॅक वूस्टर हा वाण अजून तग धरून आहे. वूस्टर शहराच्या मानचिन्हावर तीन काळी पेअर दिसतात ती यावरूनच.

ब्रॅमली सफरचंदाची गोष्ट मात्र वेगळी. ते हरवलं नाही. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने कुंडीत सफरचंदाच्या बिया पेरल्या. झाड मोठं झालं, घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅमलीने एकच अट घातली, नाव माझं द्या. बी पेरणारीचं नाव त्यामुळे मागे पडलं. आज ब्रिटनमधलं प्रत्येक ब्रॅमली झाड हे त्या एका झाडाचं कलम किंवा कलमाचं कलम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूळ झाड वादळात कोसळलं आणि पडलेल्या फांदीने मुळं धरून पुन्हा उभं राहिलं. आता बुरशीच्या रोगाने ते हळूहळू मरत चाललं आहे.

ब्रॅमली टिकलं, कारण त्याच्याशिवाय न होणारा पदार्थ टिकला. शिजवल्यावर ते फुलून फेसासारखं हलकं होतं आणि आंबटपणा सोडत नाही. खायच्या गोड सफरचंदाचा पाय नीट होत नाही हे ब्रिटनमध्ये अजून घराघरात माहीत आहे. डॅम्सनच्या वडीबद्दल किंवा क्विन्सबद्दल हेच ज्ञान आटलं आणि ती फळं गेली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना याचा एक फायदा आहे. आंबट फळाचं काय करायचं, हे त्यांना वेगळं शिकायचं नाही. ब्रॅमलीच्या फोडींना मोहरी-मेथीची फोडणी आणि गूळ दिला तर मेथांब्याच्या जवळ जाणारं काहीतरी तयार होतं; फक्त फोडी लवकर विरघळतात म्हणून दोन-तीन मिनिटांतच आच बंद करावी. हिरव्या गूजबेरीची चटणी कैरीच्या चटणीसारखी वाटता येते. आणि ब्रिटिश स्वयंपाकघरात प्लम, सफरचंद, डॅम्सन व्हिनेगरमध्ये शिजवून बरणीत भरतात त्या पदार्थाचं इंग्रजी नावही 'चटणी'च आहे, आपल्याकडूनच गेलेलं.

ही फळं शोधायची तर सुपरमार्केटपेक्षा शेतकरी बाजार, शेतावरची दुकानं आणि ॲपल डेचे कार्यक्रम बरे. कॉमन ग्राउंड या संस्थेने २१ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला ॲपल डे भरवला. तेव्हापासून ऑक्टोबरात गावोगावी असे कार्यक्रम होतात. तिथे जुने वाण चाखायला मिळतात, आणि आपल्या परसातल्या अनोळखी झाडाचं फळ घेऊन गेलं तर जाणकार त्याचं नाव ओळखायला मदत करतात.

परसात थोडी जागा असेल त्यांच्यासाठी मेडलरच सगळ्यात सोयीचं. त्याचं कलम क्विन्सच्या किंवा हॉथॉर्नच्या खुंटावर बांधतात, त्यामुळे झाड बुटकं राहतं. फळ धरायला दुसऱ्या झाडाची गरज लागत नाही. मे महिन्यात मोठी पांढरी फुलं येतात. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कोरड्या दिवशी फळं उतरवायची, पेंढ्यावर एकमेकांना न चिकटतील अशी उपडी मांडायची आणि थंड जागी ठेवायची. जेली करायची असेल तर सगळीच मऊ होईपर्यंत थांबू नये. काही टणक फळं त्यात हवीतच, कारण जेली धरवणारं पेक्टिन त्यांच्यात जास्त असतं.